सीपीआर चालू असताना नातेवाइकांनी आत थांबावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘वडिलांना रात्री छातीत कळा येऊ लागल्या म्हणून रिक्षाने हॉस्पिटलमध्ये नेलं. कॅज्युअल्टीत पोचल्यावर दहा मिनिटांत त्यांचं हृदय बंद पडलं. सिस्टरांनी आईला आणि मला बाहेर काढलं, पडदा ओढला. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले, सॉरी म्हणाले आणि परत आत गेले. याला वर्ष झालं. आई अजून विचारते, शेवटी त्यांनी मला हाक मारली असेल का रे? आम्हाला आत थांबू द्यायला हवं होतं का, की डॉक्टरांचंच बरोबर होतं?’

आधी आईंचा प्रश्न घेते. तुमच्या प्रश्नावर वाद घालता येतो, त्यांच्या प्रश्नावर नाही. आणि त्याचं उत्तर त्याच रात्री कुणीतरी त्यांच्याजवळ बसून द्यायला हवं होतं. हृदय बंद पडलं की मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मग सीपीआर सुरू होतो, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन हृदय चालू करायचा प्रयत्न. त्यात बहुतेक वेळा घशातून श्वासनळीत नळी घालतात. ती स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे ती असताना आवाज फुटतच नाही. पडद्यापलीकडून घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा आवाज तुमच्या कानावर आला असेल, तर तो हृदय थांबल्यानंतरच्या आचक्यांच्या श्वासाचा. मेंदूच्या तळातून तो आपोआप उमटतो, त्यात बोलणं नसतं. छाती उत्तम दाबली जात असताना एखादा रुग्ण डोळे उघडतो किंवा हात हलवतो, हे मी बावीस वर्षांत दोन-तीनदा पाहिलंय. पण तसं झालं तर आम्ही ते जन्मभर विसरत नाही, आणि बाहेर येऊन घरच्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईंना सांगा, त्यांनी हाक मारली आणि तुम्ही जवळ नव्हतात, असं झालं असेल असं मला डॉक्टर म्हणून वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. माझं मत सरळ सांगते: तुम्हाला विचारायला हवं होतं. ‘आत थांबता का?’ एवढंच. तुम्ही हो म्हणाला असतात तर आत उभं राहू द्यायला हवं होतं, आणि तुमच्या शेजारी एक असा माणूस द्यायला हवा होता ज्याच्या हातात त्या वेळी दुसरं कुठलंही काम नाही. ही शेवटची अट मी नंतर जोडलेली नाही, माझ्या लेखी सगळं तिच्यावरच उभं आहे. त्या माणसाशिवाय नातेवाइकाला आत घेणं हे बाहेर काढण्यापेक्षा वाईट असू शकतं. तेही मी करून बसले आहे, पुढे सांगते.

सुरुवातीची दहाएक वर्षं मीही पडदा ओढणाऱ्यांतलीच होते. जिल्हा रुग्णालयात पहिल्या महिन्यात जे शिकवलं गेलं त्यात सीपीआरच्या आधी ‘रिलेटिव्हना बाहेर काढा’ हे होतं. का काढायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नंतर विचारायला लागले तेव्हा तीन कारणं ऐकायला मिळाली: ते मध्ये मध्ये करतील, त्यांना ते दृश्य झेपणार नाही, आणि काही चुकलं तर ते बघतील. तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. पण सर्वांत खरं तेच असतं.

ते दृश्य खरंच कसं असतं, हे आधी माहीत हवं, कारण बहुतेकांच्या मनात सिनेमातलं चित्र असतं. सिनेमात दोन-चार हलके दाब, एक शॉक, शरीर उडतं, मॉनिटरवर टिकटिक सुरू आणि माणूस डोळे उघडतो. अमेरिकेतल्या लोकप्रिय मालिका तपासून १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता; त्यात पडद्यावर सीपीआर मिळालेल्यांपैकी ७५ टक्के लोक त्या वेळी तरी वाचत होते. प्रत्यक्षात त्याच देशात, रुग्णालयात असताना हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण चारात एक जण घरी जातो. रुग्णालयाबाहेर बंद पडलं तर दहात एक. आणि सिनेमात ज्या सपाट रेषेवर शॉक देतात, त्या रेषेवर आम्ही शॉक देतच नाही, त्याचा उपयोग नसतो. वेडंवाकडं थरथरणारं किंवा नाडी न लागता अतिवेगाने धावणारं हृदय असेल तरच शॉक.

खऱ्या सीपीआरमध्ये छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाते, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रौढ माणसाच्या बरगड्या मोडणं हे नेहमीचं. पहिल्या काही दाबांत कट्कट् आवाज येतो आणि नवीन इंटर्न हात थांबवतो, त्याला ‘चालू ठेव’ म्हणावं लागतं. शर्ट कात्रीने उभा कापतात. पोट फुगतं, उलटी होते, ती सक्शनने ओढावी लागते. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतो कारण त्याहून जास्त वेळ कुणाच्याच दंडात तेवढी ताकद राहत नाही. दर तीन ते पाच मिनिटांनी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन. कुणीतरी मोठ्याने वेळ सांगत असतं. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो. आत काम करणाऱ्याला त्यातली लय ऐकू येते. ढोलपथकाचंही तसंच, बाहेरून आलेल्याला नुसता दणदणाट ऐकू येतो.

हे सगळं घरच्या माणसाने बघावं का? याचं उत्तर आमच्या अंदाजावर सोडायची गरज आता उरलेली नाही, कारण बघितलेल्यांना विचारून झालेलं आहे.

सुरुवात मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावच्या फूट हॉस्पिटलपासून झाली. १९८२ साली तिथे दोन वेगवेगळ्या प्रसंगी नातेवाइकांनी ‘आम्ही बाहेर जाणार नाही’ असं ठामपणे सांगितलं. तिथल्या लोकांनी त्यावर चिडण्याऐवजी विचार केला आणि नातेवाइकांना आत घ्यायची पद्धत सुरू केली. काही वर्षांनी अशा ४७ नातेवाइकांनी प्रश्नावलीला उत्तरं दिली. ९४ टक्के म्हणाले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा आत थांबू. तीन-चतुर्थांश लोकांना वाटत होतं की आत असल्यामुळे मृत्यू स्वीकारणं सोपं गेलं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेसच्या संघटनेने १९९३ मध्ये याला पाठिंबा दिला. डॉक्टर मागून आले. नर्सेस आधी आल्या यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही; पडद्याबाहेर जाऊन रडणाऱ्या बाईचा हात धरायचं काम नेहमी त्यांच्याच वाट्याला येतं.

इंग्लंडात केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रूक्स हॉस्पिटलने चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून प्रयोग केला: काहींच्या घरच्यांना आत यायचं का विचारायचं, काहींच्या नाही. १९९८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रयोग छोटाच राहिला, २५ रुग्णांचा, कारण तो मध्येच थांबवावा लागला. काम करणाऱ्यांची इतकी खात्री पटली की निम्म्या कुटुंबांना बाहेर ठेवणं त्यांना अन्यायाचं वाटायला लागलं. संशोधन म्हणून हे अपुरं आहे. पण बाहेर काढणारेच लोक मत बदलतात, याला माझ्या लेखी वजन आहे.

मोठा पुरावा फ्रान्सचा. रुग्णवाहिकेबरोबर डॉक्टर घरी जातात अशा १५ पथकांनी मिळून ५७० नातेवाइकांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात पथकातला एक जण ठरल्याप्रमाणे विचारायचा, ‘तुम्हाला इथे थांबायचंय का?’ आणि थांबणाऱ्याला समजावून सांगायचा. दुसऱ्या गटात नेहमीसारखं, ज्याला जसं सुचेल तसं. विचारलेल्यांपैकी ७९ टक्के थांबले. न विचारलेल्यांपैकी ४३ टक्के. तीन महिन्यांनी फोन करून विचारपूस केली तेव्हा तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दचकून उठणं, त्या जागेकडे जायचं टाळणं अशी आघाताची लक्षणं न विचारलेल्या गटात स्पष्टपणे जास्त होती. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. उपचारांत फरक पडला नाही, वाचणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही, पथकावरचा ताण वाढला नाही, कोर्टकचेरी झाली नाही. पुढे अमेरिकेतल्या अडीचशेहून जास्त रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नातेवाइकांना आत घेण्याचं धोरण असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयांत रुग्ण वाचण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

‘त्यांना झेपणार नाही’ हे आमचं गृहीतक असं उलटं पडलं. बघितलेल्या गोष्टीपेक्षा न बघितलेली गोष्ट मनात जास्त वाढते. तुमच्या आई वर्षभर हाक ऐकतायत. ती हाक त्या पडद्यानेच तयार केली आहे.

तरीही फ्रान्सचं जसंच्या तसं इथे आणता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. फ्रान्समध्ये घरात एक बायको असते किंवा एक मुलगा. आमच्या कॅज्युअल्टीत एका रुग्णाबरोबर टेम्पो भरून माणसं येतात. भावकी येते, गल्ली येते, मंडळाचे कार्यकर्ते येतात, एखादा नगरसेवकाचा माणूस येतो जो रुग्णाला ओळखतही नसतो पण सर्वांत मोठ्याने बोलतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर त्यानंतर रजेवर गेले. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. पण रात्री दोन वाजता वीस माणसं समोर असताना कायद्याचं पुस्तक कपाटात असतं. माझ्या अंगावरही एकदा आयव्हीचा स्टँड आलेला आहे. म्हणून ज्या सहकाऱ्यांना नातेवाइकांना आत घ्यायची भीती वाटते त्यांना मी भित्रे म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ती भीती चुकीच्या जागी बसवलेली आहे. मारामाऱ्या कुठे होतात, आठवून बघा. दाराबाहेर. ‘आत काय चाललंय कुणी सांगतच नाही’ या अर्ध्या तासानंतर. आपल्याकडे एक वाक्य गावोगाव ऐकू येतं: ‘माणूस आधीच गेला होता, बिल वाढवायला मशीनवर ठेवला.’ हे वाक्य बंद दाराच्या बाहेरच तयार होतं. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी चार माणसांना आळीपाळीने घामाघूम होऊन छाती दाबताना बघितलंय, तो हे वाक्य बोलत नाही. दुसरा बोलला तर त्याला गप्प करतो. जमावातला एक माणूस आत असणं हे आमचं संरक्षण आहे, असं मी आता मानते. वीस नव्हे, एक. फार तर दोन. आणि ते दोन कुणी ठरवायचे? आम्ही नाही. ‘सर्वांत जवळचं कोण?’ असं विचारलं की गर्दी आपोआप बाजूला होते आणि एक बाई पुढे येते. नगरसेवकाचा माणूस त्या क्षणी मागे सरकतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

माझं मत बदललं ते अशाच एका बाईंमुळे, आणि तेही आमच्या चुकीने. साठीच्या असतील. नवरा एसटीतून निवृत्त झालेला. गडबडीत त्यांना बाहेर काढायचं राहून गेलं. त्या पायथ्याशी नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या आणि मला त्या दिसल्या तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. रेषा सपाट होती, आशा उरली नव्हती. पण थांबा म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. त्यांच्यासमोर कसं थांबायचं, या एकाच कारणाने मी आणखी दोन फेऱ्या दाबायला लावल्या. मग त्याच म्हणाल्या, ‘पोरी, पुरे आता. लई केलंत तुम्ही. त्यांना निवांत राहू द्या.’ एरवी तीच बातमी घेऊन मी बाहेर जाते तेव्हा किंकाळी उठते आणि मला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. त्या रात्री मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी सगळं बघितलं होतं.

त्यानंतर मी उत्साहाने चूक केली. दोन-तीन महिन्यांनी एका मुलीला, कॉलेजात असेल, तिच्या आईजवळ आत थांबू दिलं. त्या रात्री आम्ही तिघंच होतो, तिघांचेही हात गुंतलेले. ती कोपऱ्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून उभी होती. कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. आई गेली. वर्षभराने ती मुलगी दुसऱ्या कामासाठी आली, मला ओळखून थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, मला फक्त ते रक्त आठवतं. नळीतून येत होतं ते. ते कुठून आलं होतं?’ नळी घालताना जिभेला ओरखडा जातो, त्याचं रक्त. क्षुल्लक गोष्ट. शेजारी उभ्या माणसाने एका वाक्यात सांगितली असती तर ती तिथेच संपली असती. सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या मुलीने वर्षभर मनात ठेवलं की आम्ही तिच्या आईच्या आत काहीतरी फाडलं.

म्हणून ती अट. शेजारी उभा राहणारा डॉक्टरच हवा असं नाही. त्याला चार गोष्टी यायला हव्यात: आत येण्याआधी काय दिसेल ते सांगणं, आत असताना काय चाललंय ते हळू आवाजात सांगत राहणं, चेहरा पांढरा पडायला लागला की बाहेर नेऊन बसवणं, आणि नंतर मृतदेहाजवळ थांबणं. आत येण्याआधीचं वाक्य मी सगळ्यांना पाठ करायला लावते: ‘त्यांचं हृदय बंद पडलंय, आम्ही ते चालू करायचा प्रयत्न करतोय. छाती जोरात दाबावी लागते, नळ्या असतील, थोडं रक्त दिसेल. तुम्ही आत थांबू शकता, बाहेर थांबू शकता, दोन्ही बरोबर आहे. मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर फक्त माझा हात दाबा.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. जे आत यायला नको म्हणतात त्यांना पुढे अपराधी वाटू नये म्हणून ‘दोन्ही बरोबर आहे’ हेही तितकंच. बायकोला आत थांबायचं असतं आणि मोठे दीर म्हणतात, ‘बायकांनी नको बघायला’. अशा वेळी आमच्या सिस्टर दिरांना बाजूला घेऊन चहाचं विचारतात. युक्ती आहे, पण चालते.

आता ग्रामीण रुग्णालयातले माझे मित्र हसत असतील. रात्री एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर, एक मामा, आणि ही बाई म्हणते हात मोकळा असलेला माणूस द्या! बरोबर आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पण त्यांची ड्युटी दिवसा आणि हृदयं बंद पडतात पहाटे. मी वेगवेगळ्या ठिकाणी जे जमवलं ते सांगते. पेशंट १०८ ने आला असेल तर त्या रुग्णवाहिकेचा पायलट, म्हणजे चालक, पाच-दहा मिनिटं मोकळा असतो आणि घरच्यांनी त्याला वाटेत बघितलेलं असतं, त्याच्यावर त्यांचा विश्वास बसलेला असतो. शेजारच्या वॉर्डातल्या मावशींना दोन दुपारी बसवून शिकवलं. त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. आणि अगदीच कुणी नसेल तर नातेवाइकाला आत आणू नका, पण दर पाच मिनिटांनी कुणीतरी पडदा बाजूला करून एक वाक्य सांगा. तेवढं करायला जास्तीचा माणूस लागत नाही.

उभं कुठे करायचं? पायाशी, किंवा सलाईन नसलेल्या हाताशी. हात धरू द्यावा, शॉकच्या आधी सोडायला सांगावा. मोबाइल खिशात, याबाबत मी कठोर आहे, तो आतल्या माणसाच्या लाजेचा प्रश्न आहे. कपडे कापलेल्या अवस्थेतला बाप कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू नये.

धर्माच्या गोष्टी येतात आणि त्यांना वाटेत येणारं लचांड समजू नये. आपल्याकडे घरचे तुळशीपत्र आणि गंगाजल घेऊन येतात. बॅगेने श्वास देणं चालू असताना तोंडात पाणी सोडलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून तेव्हा नाही म्हणावं लागतं. पण तुळशीचं पान उशाशी ठेवता येतं, कापसाने ओठ ओले करता येतात, आणि प्रयत्न थांबवल्यावर तर काहीच आडकाठी नाही. मुस्लिम कुटुंबातलं कुणी कानाशी कलमा म्हणत असेल तर त्याने कुणाच्याही हाताला अडथळा होत नाही. वसईकडच्या एका कुटुंबाचे फादर तेल घेऊन आले होते, त्यांनी दाबणारा बदलताना कपाळाला बोट लावलं आणि मागे सरले. ज्यांना हे करता येतं ते लोक घरी जाऊन झोपू शकतात. कोविडच्या दोन वर्षांत हे सगळं बंद होतं. माणूस रुग्णवाहिकेत बसला आणि थेट पिशवीत मिळाला. त्या काळातल्या कुटुंबांना आजही भेटते तेव्हा ती उपचारांबद्दल फारसं बोलत नाहीत. ‘तोंडसुद्धा बघितलं नाही’ हेच बोलतात.

कधी आत घेऊ नये? मारहाणीची केस असेल आणि सोबत आलेल्यांपैकीच कुणी मारलं असण्याची शंका असेल तेव्हा. माणूस दारू पिऊन असेल तेव्हा. आधीच कुणाच्या अंगावर धावून गेला असेल तेव्हा. शेजारी उभं राहायला कुणी नसेल तेव्हा, हे सांगून झालंच. लहान मूल असेल तर मात्र माझ्या मनात शंका नाही: आईबापांना विचारायचंच. तान्ह्या बाळाची छाती दोन अंगठ्यांनी दाबताना बघणं भयंकर असतं, आमच्यातलेही नंतर बाथरूममध्ये जाऊन रडतात. पण ज्या आईला त्या वेळी बाहेर काढलं तिला ‘मी त्याला एकटं सोडलं’ यातून बाहेर काढणं पुढे कुणालाच जमत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. रुग्णालयाबाहेर बंद पडणारी बहुतेक हृदयं घरातच बंद पडतात आणि तिथे पडदा ओढायला कुणी नसतं. घरचा माणूस तिथे बघ्या नसतो, पहिला उपचार त्याच्याच हातात असतो. १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा, माणसाला पलंगावरून जमिनीवर घ्या, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात आणि भराभर दाबत राहा. तोंडाने श्वास देता आला नाही तरी चालेल. कांदा, चप्पल, पाणी यांत वेळ घालवू नका. ज्या मुलाने रुग्णवाहिका येईपर्यंत बापाची छाती दाबली त्याला दवाखान्याच्या दारात ‘बाहेर थांबा’ म्हणणं मला आता हास्यास्पद वाटतं.

आणि ज्या घरात दुखणं शेवटाला आलेलं आहे, कर्करोग पसरलेला आहे, तिथे आत कोण थांबणार याच्या आधी हे सगळं करायचंय का, हा प्रश्न येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न नको’ असा निर्णय रुग्ण, घरचे आणि डॉक्टरांनी मिळून कसा घ्यायचा, कसा नोंदवायचा याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ती चर्चा शांतपणे, दिवसा, चहा घेत व्हायला हवी. पडद्याआड ती होत नाही.

तुमच्या डॉक्टरांबद्दल. त्यांनी पाऊण तास प्रयत्न केले, म्हणजे लवकर हात टेकले नाहीत. त्यांना जसं शिकवलं तसं त्यांनी केलं. मीही तेच करत होते. ‘सॉरी’ म्हणून आत गेले ते बहुधा तुमच्यासमोर उभं राहवेना म्हणून. तो दोष आहे, पण तो क्रूरपणा नाही.

वर्ष झालंय, अजून उशीर झालेला नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात आणि ३ वर्षं जपून ठेवावे लागतात. भांडायला म्हणून नका मागू. कागद घेऊन आईंसह जा, वेळ मागून घ्या आणि विचारा: हृदय किती वाजता थांबलं, किती वेळ दाबलं, शॉक दिले का, शुद्ध केव्हा गेली. त्या रात्रीच्या सिस्टर अजून तिथे असतील तर त्यांनाही भेटा. वडिलांच्या हाताशी कोण उभं होतं, डोळे कुणी मिटवले, चादर कुणी ओढली, हे कागदावर नसतं. सिस्टरांना आठवत असतं. आईंना ते त्यांच्याकडूनच ऐकू द्या, आणि तेवढा वेळ तुम्ही मध्ये बोलू नका.